वरची चार बोटं

उपकेंद्राच्या खिडकीला अर्ध्याहून जास्त रंग मारलाय,
दुधी, सरकारी.
आत बाया तपासायच्या असतात
आणि बाहेर हापशीवर पोरं असतात, म्हणून.

त्या खिडकीत, बीपीच्या मशीनशेजारी,
फेब्रुवारीत मी ते झाड ठेवलं.
नागपूरहून आणलेलं, जाड पानांचं, गच्च मिटलेलं.
कुंडीवर चिठ्ठी होती, सक्युलंट.
देवकाबाई म्हणायची, सिस्टरची कोबी.

मार्च संपता संपता बाहेर चाळिसाच्या वर.
अशा उन्हात कोण काढतं कुणाला बाहेर?
मी त्याला आतच ठेवलं,
सलाइनच्या रिकाम्या बाटलीनं रोज पाणी पाजलं.

कोबी वीतभर झाली, मग हातभर.
सिंदेवाहीच्या पुढे यष्टीचे थांबे जसे
दूर दूर होत जातात, तशी पानं झाली.
बुंधा पांढुरका, मान खिडकीकडे वाकडी.
देवकाबाई येईल त्याला दाखवायची,
"पाय ना, केवढी झाली!"
मलाही कौतुक होतं, खोटं कशाला बोलू.

मी, जी दर महिन्याला
भिंतीशी पोरं उभी करून उंची लिहिते,
आणि आयांना बजावते,
नुसती उंची पाहू नका बाई, दंड पाहा.

लस घेऊन धनपाल मेश्राम आला.
शीतपेटी खाली ठेवली, घाम पुसला, झाडाकडे पाहिलं.
"हे वाढलं नाही जी सिस्टर,
हे उजेड हुडकून राह्यलं."
मग चहा पिता पिता म्हणाला,
"मुंडी छाटा. भेऊ नका."

गुरुवारी ओपीडी संपल्यावर
ब्लेड स्पिरिटनं पुसलं.
खालची पानं एकेक आडवी ओढली,
टक् करून निघाली, बुडासकट.
मग मुंडी.
वाटलं होतं चीक येईल.
आलं नुसतं पाणी, मीच पाजलेलं.

हात सवयीनं पट्टीकडे गेला.
पण या जखमेला पट्टी नको, पाणी नको, माती नको.
कागदावर, सावलीत, सहा दिवस तशीच पडू द्यायची.
इतकी ट्रेनिंगं झाली माझी,
नुसतं बसून राहायचं कुणी शिकवलं नव्हतं.

देवकाबाईनं फुटकं कवेलू कुटून आणलं,
नदीची जाडी रेती आणली.
मुंडी लावली, आणि लगेच मी चुकले.
उजेड हवा ना, म्हणून भर दुपारी ओट्यावर ठेवली.
दोन तासांत तीन पानं उकडल्यासारखी.
ते डाग अजून आहेत, जात नाहीत.

मग डोस देतात तसं दिलं ऊन.
सकाळी सातला, अर्धा तास.
आठवड्यानं तास.
पाणी बोट घालून, रेती तळापर्यंत कोरडी लागली तरच.

रोज आत-बाहेर कोण करणार?
एका रविवारी स्टुलावर चढून
तेच ब्लेड घेऊन खिडकीचा रंग खरवडला.
सगळा नाही. वरची चार बोटं,
हापशीवरच्या सगळ्यात उंच पोराच्या नजरेच्याही वर.
तिथून नऊ वाजता ऊन उतरतं,
आधी वजनकाट्यावर, मग स्टुलावरच्या कुंडीवर.

आणि ते ठुटं, जुन्या कुंडीतलं,
मी फेकायचं विसरले होते.
तालुक्याच्या मिटिंगहून परतले तर
देवकाबाई दारातच,
"सिस्टर, ठुट्याले लेकरं झाली!"
चार. मोहरीएवढी.
वजन घेतलं नाही.

दर सोमवारी मी कुंड्यांना पाव फेरा देते,
म्हणजे मान एकाच बाजूला जात नाही.
माझ्या सुट्टीत ते काम देवकाबाईचं.
ती विसरते, की मुद्दाम करत नाही, कळत नाही.
परत येते तर सगळी
खिडकीकडे तोंड करून बसलेली असतात,
आणि तीही, सुपात तांदूळ घेऊन.